‘अपघात’ म्हणण्याची सोय

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे जे घडले त्याचा तपशील एव्हाना सर्वांस पाठ झाला आहे. सतरा वर्षांचा एक मुलगा पोर्शे मोटार चालवत होता. त्या मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंते प्राणास मुकले. मुलगा त्याआधी मित्रांसह मद्यपान करून निघाला होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्यास जामीन दिला आणि जामिनाच्या अटींमध्ये रस्ते-सुरक्षेवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्या तीनशे शब्दांवर देशभर जो संताप उसळला, जे विनोद रचले गेले, त्यांत साहित्याच्या वर्तुळातील मंडळीही मागे नव्हती. निबंध हा ज्यांच्या रोजच्या अध्यापनाचा विषय, त्यांनी तर या प्रकरणात विशेष रस घेतला.

आमचे म्हणणे असे, की हा विनोद चुकीच्या जागी झाला. निबंध ही शिक्षा नव्हती. जामिनाच्या वेळी शिक्षा देताच येत नाही. खटला उभा राहायचा असतो, पुरावा यायचा असतो. दोन जिवांची किंमत तीनशे शब्द, असे समीकरण मांडून आपण जामीन आणि शिक्षा यांतला भेदच पुसून टाकला. मग जी चर्चा झाली ती केवळ आकड्यांची. एका बाजूने फाशी, जन्मठेप, निदान वीस वर्षे अशी मागणी. दुसऱ्या बाजूने ‘पोराच्या हातून चूक झाली, त्याचे आयुष्य कशाला उद्ध्वस्त करता’ असा सूर. वर्षे किती, यावर दोन्ही पक्ष हिरिरीने भांडत राहिले. ज्या कृत्याची ही वर्षे, त्या कृत्यास म्हणायचे काय, हा प्रश्न मात्र दोघांनीही सोडून दिला. वास्तविक कायद्यात गुन्ह्याचे नाव आधी ठरते आणि वर्षे त्या नावामागून येतात. मद्यपान करून वाहन चालवणे आणि त्यात कोणाचा जीव घेणे या कृत्याला आपल्या कायद्यात आणि आपल्या भाषेतही अद्याप एक नाव नाही. जोवर ते नाही तोवर कोणतीही शिक्षा न्याय्य होऊ शकत नाही. ती केवळ कमी किंवा जास्त असू शकते. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच सिद्ध करावयाचे आहे.

कल्याणीनगरची घटना जगभर गेली, कारण मोटार दुर्मीळ होती आणि घराणे श्रीमंत. तेथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर चाकण आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेली कारखानदारी भोसरी, चिंचवड, आकुर्डी करत चाकण, म्हाळुंगे, तळेगावपर्यंत पसरली. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणच्या टापूत आहेत. देशातील वाहने जेथे घडतात अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता हे दोन रस्ते चाकणात एकमेकांना छेदतात, आणि सुटे भाग आणणारे ट्रक, तयार मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, शेअर रिक्षा आणि पाळी गाठायला निघालेल्या कंत्राटी कामगारांच्या दुचाकी हे सारे त्याच दोन रस्त्यांवरून जाते. रात्रपाळीला निघालेला अथवा दुसरी पाळी संपवून खोलीवर परतणारा कामगार या रस्त्यावर चिरडला गेला, तर ती बातमी स्थानिक पुरवणीच्या आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या चार ओळींतले व्याकरण पाहण्याजोगे असते.

‘भरधाव कंटेनरच्या धडकेत दुचाकीस्वार ठार’ हा तिचा ठरलेला साचा. वाक्यात कंटेनर आहे, त्याचा वेग आहे, दुचाकीस्वार आहे, मृत्यू आहे. फक्त चालवणारा माणूस नाही. भरधाव हे विशेषणही वाहनालाच चिकटलेले, जणू वेग हा कंटेनरचा स्वभावधर्म. वाहन निघून गेले असेल तर ते ‘अज्ञात वाहन’ होते. म्हणजे अज्ञात चालक नव्हे, वाहनच अज्ञात! श्रद्धांजलीच्या फलकावर हेच वाक्य आणखी एक पायरी वर चढते आणि ‘काळाने घाला घातला’ असे होते. कंटेनर जाऊन तेथे साक्षात काळ बसतो. काळावर गुन्हा दाखल होत नाही आणि त्यास तुरुंगातही पाठवता येत नाही, ही या शब्दप्रयोगाची सोय. ‘अपघात’ या शब्दाची सोयही हीच. त्यात ‘घात’ आहे, पण घात करणारा कोणी नाही. छत कोसळले तर अपघात, पाय घसरला तर अपघात आणि चार पेले रिचवून स्टिअरिंग हाती धरले तरीही अपघातच. या तिन्ही गोष्टींना एकच शब्द पुरवणारी भाषा न्यायाधीशाला काय मदत करणार?

नशेत गाडी चालवणाऱ्याला आपली वर्तमानपत्रे एक खास नाव देतात. ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी नाकाबंदी केली की दुसऱ्या दिवशी ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा ठरलेला. हा तळीराम गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने दारूवर मराठीत जेवढा विचार करवला तेवढा दुसऱ्या कोणत्या कृतीने क्वचितच करवला असेल. परंतु त्या नाटकाने आम्हांस लावलेली एक सवयही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. सुधाकर हा शोकनायक आहे. सनद गेल्याने दुखावलेला, स्वाभिमानी, बुद्धिमान वकील दारूच्या आहारी जातो आणि आपल्याच संसाराची राखरांगोळी करतो. दारूचा बळी घरातला असतो आणि प्रेक्षकाच्या करुणेचा मोठा वाटा बळी घेणाऱ्याच्या पदरी पडतो. मराठी मनात मद्यपी हा तेव्हापासून दोनच रूपांत वावरतो: एक तर कींव करावी असा सुधाकर, नाही तर हसावे असा तळीराम. रस्त्यावरून जाणारा, सुधाकराचे नावही ठाऊक नसलेला, त्याच्याशी कोणतेही नाते नसलेला तिऱ्हाईत माणूस या चित्रात कोठेच नाही. आज मरतो तो हा तिऱ्हाईत. त्याला मारणाऱ्यास ‘तळीराम’ म्हणणे म्हणजे मृत्यूला प्रहसनाचे पात्र पुरवणे होय. असो.

भाषेचा हा घोळ कायद्यातही उतरलेला आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची. तीत १८७० साली ३०४-अ हे कलम घालण्यात आले: बेदरकारपणे अथवा हयगयीने मृत्यू घडवून आणणे, जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. हीच मर्यादा दीडशेहून अधिक वर्षे कायम राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १०६ (१) झाले आणि कमाल मर्यादा पाच वर्षांची झाली. गुन्हा जामीनपात्र तो जामीनपात्रच राहिला. याहून गंभीर दुसरे कलम आहे सदोष मनुष्यवधाचे. पूर्वीचे ३०४, आताचे १०५. त्याचे दोन भाग. मारण्याचा हेतू असेल तर पहिला भाग. हेतू नाही, पण आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव असेल तर दुसरा, ज्याला दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे हयगय आणि जाणीव या दोन शब्दांमध्ये केवळ काही वर्षांचे अंतर नाही. न्यायालय बदलते, जामिनाचा नियम बदलतो, आरोपीकडे पाहण्याची सारी दृष्टी बदलते. आणि नशेत वाहन चालवून जीव घेणाऱ्यास यांपैकी कोणता शब्द लावायचा, हे कायदा स्पष्ट सांगत नाही. ते प्रथम पोलीस ठाण्यात ठरते, मग न्यायालयागणिक बदलत जाते.

याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईचा आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेरा या एकवीस वर्षांच्या तरुणाने पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार घातली. सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात मद्याचे प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम आढळले; मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० ची. सत्र न्यायालयाने २००७ साली यास हयगय म्हटले आणि सहा महिने कैद व पाच लाख रुपये दंड ठोठावला. लोकक्षोभ उसळला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्याच वर्षी या कृत्यास सदोष मनुष्यवध म्हटले आणि तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ही शिक्षा फारच अपुरी आहे, पण शासनाने वाढीसाठी अपीलच केले नसल्याने आपण ती वाढवत नाही, असेही नमूद केले. मृत तेच सात, मोटार तीच, रक्तातले मद्य तेवढेच. कृत्याला दिलेले नाव तेवढे बदलले आणि सहा महिन्यांची तीन वर्षे झाली.

दिल्लीचा दाखला याच्या उलट दिशेने तेच सांगतो. १० जानेवारी १९९९ रोजी लोधी कॉलनीत संजीव नंदा याच्या बीएमडब्ल्यूखाली सहा जण मेले, त्यांत तीन पोलीस होते. कनिष्ठ न्यायालयाने मनुष्यवध धरून पाच वर्षे दिली. उच्च न्यायालयाने त्याची हयगय करून दोन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये नाव पुन्हा मनुष्यवधाचे दिले, पण वर्षे भोगून झालेली दोनच पुरेशी मानली आणि वर पन्नास लाख रुपये भरण्याचा व दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आदेश दिला. म्हणजे नाव मिळाले तरी वर्षे मिळतीलच असे नाही. याचे कारण संहितेतच आहे. कलम १०५ मध्ये हेतूच्या भागाला किमान पाच वर्षांची मर्यादा आहे. जाणिवेच्या भागाला किमान मर्यादा नाही. एक दिवसापासून दहा वर्षांपर्यंत सारे मैदान मोकळे. आणि त्या मोकळ्या मैदानात पन्नास लाख भरू शकणारा आणि पन्नास हजारही न भरू शकणारा हे दोघे एकाच रेषेवरून धावू लागतात, असे कोण म्हणेल?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मद्यपान करून वाहन चालवणे ही हयगय का नव्हे? हयगयीत लक्ष नसणे अभिप्रेत आहे. आरशात पाहायचे राहिले, वळणाचा अंदाज चुकला, बारा तास गाडी हाकून डोळा लागला. या चुका आहेत, काही अक्षम्यही असतील, पण त्यांत माणसाचे लक्ष सुटलेले असते. मद्यपी चालकाचे लक्ष सुटते ते नंतर. त्याच्या कृत्यात एक क्षण असा असतो, की ज्या वेळी तो पूर्ण शुद्धीवर असतो, आपण वाहन घेऊन आलो आहोत हे त्यास ठाऊक असते आणि तरीही तो पहिला पेला उचलतो. सुधाकरही पहिला प्याला शुद्धीतच घेतो. साऱ्या नाटकाची उभारणी त्या एका शुद्धीतल्या निर्णयावर आहे. न्यायनिवाडा व्हावयाचा तो त्या क्षणाचा. धडकेच्या क्षणी त्याला काही कळत नव्हते, हा बचाव त्यामुळे निरर्थक ठरतो. आणि हे आमचे नवे तत्त्वज्ञान नव्हे. १८६० च्या संहितेत कलम ८६ मध्ये, आणि आताच्या संहितेत कलम २४ मध्ये, हाच विचार आहे: स्वेच्छेने नशा करणाऱ्यास, जाणिवेच्या बाबतीत, नशा नसलेल्या माणसाप्रमाणेच धरावे. दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने हे एका कलमात मान्य केले आणि रस्त्यावरच्या मृत्यूंबाबत दुसऱ्या कलमात विसरून टाकले. आम्ही एवढेच म्हणतो, की पहिले कलम आठवावे.

येथे फाशीवाले आम्हांस आपल्या पंगतीत बसवू पाहतील. त्यांचे आमंत्रण आम्ही नाकारतो. जाणीव म्हणजे हेतू नव्हे. जो माणूस दबा धरून शेजाऱ्याचा खून करतो आणि जो आपण नीट घरी पोहोचू या घमेंडीत चावी फिरवतो, त्या दोघांना एका मापाने मोजणे हाही भाषेचाच भ्रष्टाचार आहे. ‘हा खूनच आहे’ असे म्हटल्याने मृतांचा सन्मान वाढत नाही. उलट खून सिद्ध होत नाही आणि आरोपी सुटतो, किंवा घासाघीस होत होत प्रकरण हयगयीवर येऊन थांबते. चेझारे बेक्कारियाने १७६४ सालीच हे मांडले, की गुन्ह्यास आळा घालते ती शिक्षेची निश्चिती; तिचे क्रौर्य नव्हे. आपल्याकडे निश्चितीचे काय झाले आहे ते सलमान खान खटल्यात दिसले. घटना सप्टेंबर २००२ ची. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अभिनेताच वाहन चालवत होता आणि मद्यधुंद होता हे निःसंशय सिद्ध झाले नाही म्हणून, उच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरवले. तो निकाल योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. एका पदपथावर एक माणूस मेला आणि कोण चालवत होते हे तेरा वर्षांनीही सिद्ध करता आले नाही, एवढे सत्य पुरेसे आहे. तेथे कायद्यात वीस वर्षे लिहिली असती तरी काय फरक पडला असता?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या मित्रांकडूनच येतो. शिक्षा वाढवाल तर तुरुंगात जाईल तो चाकणचा ट्रकचालक, कल्याणीनगरचा मुलगा नव्हे, असे ते म्हणतात. या आक्षेपास आधार आहे. २२ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर वाघोलीला केसनंद फाट्याजवळ एका डंपरचालकाने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. तिघे मेले, त्यांतली दोन तान्ही लेकरे होती. ही मजूर कुटुंबे कामाच्या शोधात अमरावती जिल्ह्यातून आली होती. चालक नशेत होता, असे पोलिसांनी सांगितले. तो काही धनिकाचा पुत्र नव्हता. त्याच्यासाठी कोणी रक्त बदलायला धावले नाही. उलट पोर्शे प्रकरणात ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताच्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. विषमता आहे, आणि ती पुराव्यापासूनच सुरू होते.

परंतु या विषमतेवर उपाय म्हणून शिक्षाच सैल ठेवावी, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. वाघोलीच्या पदपथावर झोपलेले कोण होते? चाकणच्या रस्त्यावर रात्री दुचाकीवरून जातो तो कोण? मारणारा गरीब असेल तर मरणारा बहुधा त्याहूनही गरीब असतो. गरिबाच्या नावाने मागितलेली सूट शेवटी गरिबाच्याच प्रेतावरून जाते. कनवाळूपणा दाखवायचा तर तो योग्य जागी दाखवावा. अखंड वीस तास गाडी चालवून झोप लागलेल्या चालकाची चूक ही मालकाने लादलेली चूक असते. तिथे हयगयीचे कलम, तेही मालकाला सोबत घेऊन, योग्यच आहे. दारूचे तसे नाही. आणि दारूच्या बाबतीतही साखळी वरपर्यंत नेता येते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८८ अशा वाहन चालवण्यास साहाय्य करणाऱ्यासही दोषी धरते. पण शिक्षा पहिल्या खेपेस सहा महिने कैद वा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, म्हणजे बहुधा दंडच.

जपानने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये टोमेई द्रुतगती मार्गावर एका मद्यधुंद ट्रकचालकाने एका मोटारीला मागून धडक दिली आणि तीतील दोन चिमुकल्या बहिणी जळून मेल्या. चालकास चार वर्षांची शिक्षा झाली, कारण उपलब्ध कलम हयगयीचेच होते. मुलींच्या आईवडिलांनी आणि इतर पीडितांनी देशभर सह्या गोळा केल्या आणि २००१ साली ‘धोकादायक वाहनचालनाने मृत्यू घडवणे’ हा स्वतंत्र गुन्हा जन्मास आला. २००६ साली फुकुओका येथे एका मद्यपी चालकाच्या धडकेने तीन भावंडे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी नशेतील माणसाला वाहन देणारा, चालवणार हे ठाऊक असून दारू पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणारा, या तिघांसही कायद्याने शिक्षेच्या कक्षेत आणले. आधी कृत्यास नाव, मग त्यातल्या भागीदारांस नाव. आपल्याकडे चालकास गंमतीने तळीराम म्हणतात. पण नाटकातला तळीराम सुधाकराला प्याल्याची वाट दाखवणारा आहे, आणि जपानच्या कायद्याने नेमका त्यालाच पकडले.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या अभ्यासकांपेक्षा चाकणच्या चालकांना अधिक चांगली ठाऊक आहे: पळून जाणे फायद्याचे असते. शरीर रक्तातले मद्य तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या गतीने निकालात काढते. परेराच्या रक्तात आढळले तेवढे मद्य पाच-सहा तासांत कायदेशीर मर्यादेखाली उतरते. जुलै २०२४ मध्ये वरळीला एका बीएमडब्ल्यूखाली दुचाकीवरील स्त्री फरफटत जाऊन मरण पावली. आरोपी दोन दिवसांनी सापडला. तोपर्यंत रक्त काय सांगणार? जो थांबून जखमीस उचलतो त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम आणि जो पळतो त्याच्याविरुद्ध कच्चा, ही व्यवस्था माणुसकीलाच दंड करणारी आहे. यावर उपाय म्हणून न्याय संहितेत कलम १०६ (२) घातले गेले: पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभरच्या ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि संहिता लागू करताना ते उपकलम वगळण्यात आले.

चालकांची भीती खोटी नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये चाकण–शिक्रापूर रस्त्यावर एका कंटेनरने एकामागून एक अनेक वाहनांना धडका दिल्या. लोकांनी पाठलाग करून चालकास पकडले आणि बेदम मारले. जमाव न्यायाधीश होतो तेथे थांबा असे सांगणे सोपे नाही. पण जमावापासून पळून ठाण्यात हजर होणे आणि जमावाच्या नावाखाली दोन दिवस बेपत्ता होणे यांत फरक करता येतो. कलमाचे शब्द तो करतातच. चालकांशी बोलून, ठाण्यात हजर होणाऱ्यास संरक्षणाची हमी देऊन, ते उपकलम लागू करणे हा मार्ग होता. शासनाने मात्र कलमच गुंडाळले.

मग न्याय्य शिक्षा कोणती? आमचे उत्तर नेमके आहे. मद्याच्या अथवा अन्य नशेच्या अमलाखाली वाहन चालवून मृत्यू घडवणे हा न्याय संहितेत स्वतंत्र, अजामीनपात्र गुन्हा असावा आणि तो जाणिवेच्या वर्गात मोडावा. कमाल दहा वर्षे, जी आज मनुष्यवधास आहेतच. किमान तीन वर्षे, जी हेतूच्या पाच वर्षांखाली राहतील आणि तरीही पैशाने विकत घेता येणार नाहीत. मृतांच्या कुटुंबाला भरपाई जरूर मिळावी, भरपूर मिळावी, पण भरपाईचा एक रुपयाही कैदेतल्या एका दिवसाच्या बदल्यात धरला जाऊ नये. वाहन चालवण्याचा परवाना कायमचा रद्द व्हावा. वाहन देणाऱ्यास आणि पाजणाऱ्यास त्यांच्या वाट्याची कैद असावी.

किमान सात वर्षे का नाही, असे कोणी विचारील. त्यामागे कारण आहे. बाल न्याय कायद्यानुसार ज्या गुन्ह्यास किमान सात वर्षांची शिक्षा असते तो ‘निर्घृण’ गुन्ह्यात गणला जातो आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास प्रौढ मानून खटला चालवण्याचे दार उघडते. पोर्शे प्रकरणातील मुलास प्रौढ मानावे ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. अनेकांस तो निर्णय संतापजनक वाटला. आम्हांस तो योग्य वाटतो. सतराव्या वर्षी मूल हे मूलच असते. श्रीमंताच्या मुलासाठी हे नाकारले तर उद्या म्हाळुंग्याच्या चाळीतल्या, मालकाच्या टेम्पोवर किन्नर म्हणून राबणाऱ्या मुलासाठीही ते नाकारले जाईल, आणि त्याच्यासाठी कोणी वकील उभा राहणार नाही. मुलाच्या हाती चावी देणाऱ्या पालकास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ अन्वये तीन वर्षे कैद आहेच. ती भोगायला लावा, म्हणजे निबंधाची टिंगल करण्याची गरज उरणार नाही.

त्या निबंधाविषयी शेवटचे. आपल्या हातून काय घडले हे माणसाला शब्दांत मांडायला लावणे, ही मुळात वाईट कल्पना नाही. वर्गात बसून वाङ्मय शिकवणाऱ्यांनी तरी तिला हसू नये. फक्त ती कैदेच्या जागी नव्हे, कैदेच्या आत असावी. आणि तीनशे शब्दांची मर्यादा नसावी. त्या लेखनाला एकच अट घालावी: प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ असला पाहिजे. मोटार नाही, वेग नाही, काळ नाही, नियती नाही. हीच अट आपल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानालाही लागू करावी, आपल्या बोलण्यालाही. चाकणच्या चौकात माणूस मेला, तर त्याला कोणी मारले हे सांगणारे वाक्य मराठीत लिहिता येते. ते आपण लिहीत नाही, एवढेच.